दाढेचे ऑपरेशन आणि शंभर किलोमीटरचा रस्ता

"दाढ काढायला कुक्षीला जावे, धारला जावे, की एकदाच इंदूर गाठावे?" धार जिल्ह्यातील बाग आणि आसपासच्या गावांत नोकरी-व्यवसायासाठी राहणाऱ्या मराठी वाचकांचा हा नेहमीचा प्रश्न. धार-देवासच्या जुन्या मराठी घरांतून वेगळी शंका येते: "वरची दाढ काढली की नजर अधू होते म्हणतात, खरे का?" आणि तिसरा प्रश्न बहुधा रात्री उशिरा, घाबऱ्या आवाजात विचारला जातो: "परवा दाढ काढली, आज गाल दुप्पट सुजलाय. आता काय करू?"

बाग धारपासून ९७ किलोमीटर आहे, इंदूर त्याच्याही पुढे. पुण्या-नाशिकच्या वाचकाला "लगेच डॉक्टरांना दाखवा" एवढे सांगून भागते, कारण डॉक्टर पुढच्या चौकात असतो. बागमध्ये रात्री नऊ वाजता त्या सल्ल्याचा फारसा उपयोग नाही. तिथे कोणती सूज घरी सोसायची आणि कोणत्या सुजेसाठी त्याच क्षणी गाडी काढायची, हे आधीच माहीत असावे लागते. म्हणून हा लेख अंतर लक्षात घेऊन लिहिला आहे. देवासच्या वाचकांना इंदूर तासाभरावर आहे, पण बाकीचे सारे त्यांनाही लागू पडते.

कोणते काम कुठे करावे

सरळ उगवलेला, किडलेला किंवा हलणारा दात काढणे हे कोणत्याही नोंदणीकृत बीडीएस दंतवैद्याचे रोजचे काम आहे. त्यासाठी इंदूर गाठायची गरज नाही. कुक्षी-मनावरसारख्या तालुक्याच्या गावी ते नीट होते. पुढील कामांसाठी मात्र तोंड व जबड्याच्या शस्त्रक्रियेत एमडीएस केलेले सर्जन शोधा:

- हाडात आडवी अडकलेली अक्कलदाढ
- जबड्याचे फ्रॅक्चर
- जबड्यातील गाठ किंवा पाण्याची पिशवी, म्हणजे सिस्ट
- तोंड उघडणे कमी झाले असेल तर त्यावरचे उपचार
- हृदयरोग, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, सिकलसेल किंवा पूर्वी घेतलेले रेडिएशन असताना दात काढणे

धारचे जिल्हा रुग्णालय, देवासचे जिल्हा रुग्णालय आणि इंदूरचे शासकीय दंत महाविद्यालय ही सरकारी ठिकाणे आहेत. दंत महाविद्यालयात रांग मोठी असते, हातात उपकरण बहुधा शिकणाऱ्या डॉक्टरच्या असते आणि मागे प्राध्यापक उभे असतात. "शिकाऊ पोरांच्या हाती द्यायचे का?" असे अनेक जण विचारतात. अवघड अक्कलदाढेसाठी मी तरी ते ठिकाण निःसंकोच सुचवते. अशा दाढा तिथे रोज निघतात, आणि काही अडले तर शेजारच्या खोलीत वरिष्ठ हजर असतात.

बाजारात चादर अंथरून दात उपटणाऱ्याकडे मात्र जाऊ नका. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यानुसार राज्याच्या दंत परिषदेत नोंदणी नसलेल्याला हे काम करता येत नाही. त्याच्या चिमट्यावर कालच्या माणसाचे रक्त असू शकते, आणि हिपॅटायटिस बी व सी तशाच चिमट्यावरून पसरतात. चांगल्या दवाखान्यातही उपकरणांचे सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. चांगला डॉक्टर त्याचा राग मानत नाही.

खुर्चीत बसण्याआधी हे विचारा, हे सांगा

पहिला प्रश्न: "हा दात वाचू शकतो का?" रूट कॅनाल करून टिकणारा दात केवळ पुन्हा यायला नको म्हणून काढून टाकला जातो, असे दूरच्या गावांत फार घडते. रूट कॅनालला दोन-तीन फेऱ्या पडतात, हे खरे. पण दात गेला की ती जागा भरायला त्याहून जास्त फेऱ्या आणि जास्त पैसे लागतात. दोन्ही पर्यायांचा खर्च व फेऱ्या आधी विचारा आणि मगच ठरवा.

धार जिल्ह्यातील वाचकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. इथल्या अनेक गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लहानपणापासून ते पाणी प्यायल्याने दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे आणि खड्डे उठतात. ती कीड नव्हे. केवळ डाग आहेत म्हणून दात काढायला कोणी सांगत असेल, तर तो सल्ला ऐकू नका.

डॉक्टरांना न विचारताही या गोष्टी सांगा, आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्या:

- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यांपैकी काहीही स्वतःच्या मनाने बंद करू नका. गोळी थांबवल्याने येणारा हृदयविकाराचा किंवा अर्धांगवायूचा झटका हा हिरडीतून होणाऱ्या रक्तस्रावापेक्षा कितीतरी घातक असतो. वॉरफरिन चालू असेल तर आयएनआर तपासणीचा ताजा रिपोर्ट जवळ ठेवा.
- मधुमेह आणि रक्तदाब. केवळ जागेवर भूल देऊन दात काढायचा असेल तर उपाशी जाऊ नका. नेहमीची न्याहारी करा, नेहमीची गोळी घ्या. उपाशी पोटी आलेला मधुमेही खुर्चीतच घामाघूम होतो.
- सिकलसेल. या पट्ट्यात हा आजार आहे. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम मध्य प्रदेशातूनच, शहडोलहून सुरू झाली. सिकलसेलच्या रुग्णाला दातातला जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणे किंवा थंडी यांमुळेही तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. तपासणीचे कार्ड असेल तर ते आधी दाखवा.
- हाडे ठिसूळ होण्यावरची औषधे. आठवड्याची गोळी असो की वर्षाचे इंजेक्शन, या औषधांमुळे दात काढल्यावर जबड्याचे हाड भरून यायला अडचण येऊ शकते. आईला किंवा आजीला "हाडांचे इंजेक्शन" दिले होते का, हे घरी विचारून घ्या.
- हृदयाची कृत्रिम झडप किंवा हृदयाच्या अस्तराचा जुना संसर्ग. अशा रुग्णांना दात काढण्याआधी प्रतिजैविकाचा डोस द्यावा लागतो.
- गरोदरपण. चौथा ते सहावा महिना हा दातांच्या कामाला सोयीचा काळ. पू झाला असेल तर मात्र महिने मोजत थांबू नये.

पूर्ण भूल द्यायची असेल तर नियम उलटा असतो. साधारण सहा तास आधीपासून काही खायचे नाही. पाण्याबद्दल भूलतज्ज्ञ सांगतील तसे करा.

दिवस निवडताना

सोमवार ते बुधवार आणि सकाळची वेळ मागून घ्या. अडचणी बहुधा दुसऱ्या ते पाचव्या दिवशी डोके वर काढतात. शनिवारी दाढ काढलीत तर पहिली अडचण बंद दवाखान्यासमोर उभी राहते. होळीआधीच्या भगोरिया जत्रांच्या आठवड्यात हे काम काढू नका. बसमध्ये उभे राहायला जागा नसते, आणि रस्त्यात त्रास झाला तर गाडी पुढे सरकत नाही.

हाड कापून अक्कलदाढ काढायची असेल तर पहिली रात्र त्याच शहरात काढा. नातेवाइकांकडे, धर्मशाळेत, कुठेही. रक्त पुन्हा सुरू झाले तर ते बहुतेक वेळा पहिल्या रात्रीच होते. त्याच दिवशी परतणे भागच असेल तर सोबत एक माणूस, थर्मासमध्ये बर्फ, जाड गॉजच्या घड्या आणि डॉक्टरांचा मोबाइल क्रमांक घेऊन निघा. टाके काढायला परत यावे लागू नये म्हणून आपोआप विरघळणारे टाके घालता येतील का, हेही विचारा. बागसारख्या गावाहून येणाऱ्याने हा प्रश्न विसरू नये, कारण त्यात एक पूर्ण फेरी वाचते.

साधा दात काढताना काय होते

हिरडीत लिग्नोकेनची भूल देतात. सुई टोचते तेवढेच दुखते. भुलीत ॲड्रेनलिन मिसळलेले असते, म्हणून दोन-चार मिनिटे छातीत धडधडू शकते. ती भुलीची ॲलर्जी नव्हे. मग ओठ जड होतो. दात काढताना दाब जाणवतो, कडकड असा आवाज येतो, पण वेदना होता कामा नये. झालीच तर हात वर करा. भूल वाढवता येते. भूल दोन ते चार तास टिकते. तेवढ्या वेळात मुले गंमत म्हणून बधिर ओठ चावतात आणि संध्याकाळी तिथे जखम दिसते, म्हणून त्यांच्यावर लक्ष ठेवा.

आता ती नजरेची गोष्ट. वरचा दात काढल्याने नजर जात नाही. दाताची संवेदना नेणारी चेतातंतूची फांदी वेगळी आणि दृष्टीची नस वेगळी. साठीच्या सुमारास दातही पडतात आणि मोतीबिंदूही पिकतो. दोन्ही एकाच वयात येतात, म्हणून लोकांनी त्यांची सांगड घातली. या भीतीपायी पू झालेली वरची दाढ वर्षानुवर्षे तोंडात ठेवली जाते, याचे मला फार वाईट वाटते.

अक्कलदाढ: काढायची की ठेवायची

अक्कलदाढ साधारण सतरा ते पंचवीस या वयात येते. जबड्यात जागा नसेल तर ती तिरकी किंवा आडवी अडकते. एक्स-रेत आडवी दिसली म्हणून लगेच काढायलाच हवी, असे नाही. त्रास देत नसलेली, शेजारच्या दाढेला धक्का न लावणारी दाढ लक्ष ठेवून तशीच राहू देता येते. काढायची कारणे ठरलेली आहेत: तिच्यावरची हिरडी वारंवार सुजते, ती स्वतः किडली आहे, तिच्यामुळे पुढची चांगली दाढ किडते आहे, किंवा तिच्याभोवती सिस्ट झाली आहे. "यांपैकी माझे कारण कोणते, एक्स-रेवर दाखवा" असे डॉक्टरांना म्हणा.

आधी पूर्ण जबड्याचा ओपीजी एक्स-रे काढतात. खालच्या दाढेची मुळे ओठाच्या नसेला भिडलेली दिसली तर सीबीसीटी स्कॅन सांगतात. एरवी त्या स्कॅनची गरज नसते.

शस्त्रक्रियेत हिरडीला चीर देतात, पाण्याचा फवारा मारत दाढेभोवतीचे थोडे हाड कोरतात, दाढेचे दोन-तीन तुकडे करून ते बाहेर काढतात आणि टाके घालतात. साधी असेल तर वीस मिनिटे, अवघड असेल तर तास. नंतर काय होईल, हे आधी माहीत असले की निम्मी भीती जाते:

- सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, मग उतरते. रात्री घाबरून फोन करणाऱ्या वाचकाचा दुप्पट गाल बहुतेक वेळा हाच असतो.
- आठवडाभर तोंड पूर्ण उघडत नाही.
- गालावर निळसर-पिवळा डाग उठतो, मानेपर्यंतही उतरतो. तो आपोआप जातो.
- काहींचा खालचा ओठ, हनुवटी किंवा जीभ बधिर राहते. बहुतेकांची संवेदना आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येते, क्वचित ती कायमची जाते. हा धोका संमतिपत्रावर सही घेण्याआधी तुम्हाला तोंडी सांगितलाच पाहिजे.
- वरची दाढ सायनसला लागून असेल तर कधी तिथे छिद्र राहते आणि चूळ भरताना पाणी नाकात येते. असे झाले तर नाक शिंकरू नका, शिंक तोंड उघडे ठेवून द्या आणि डॉक्टरांना कळवा.

काढल्यानंतरचा पहिला आठवडा

दाताच्या खळग्यात रक्ताची गुठळी बसते. जखमेवर तीच खपली असते. पहिला आठवडा ती गुठळी जपण्याचा.

पहिल्या दिवशी गॉजची घडी पाऊण तास घट्ट चावून धरा. दर पाच मिनिटांनी काढून बघू नका. थुंकू नका, लाळ गिळा. रक्तमिश्रित लाळ पाहून पुष्कळ जण सतत थुंकत राहतात, आणि त्या ओढीनेच गुठळी निसटते. चूळ नाही, स्ट्रॉ नाही, गरम चहा नाही. गालाला बाहेरून बर्फ दहा मिनिटे लावायचा, दहा मिनिटे थांबायचे. वेदनाशामक गोळी भूल उतरण्याआधीच घ्या. झोपताना डोक्याखाली दोन उशा घ्या.

दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा हलकी चूळ भरा. शेक द्यायचा असेल तर दोन दिवसांनंतर, जबडा आखडला असेल तरच.

खाण्यात मऊ वरण-भात, पेज, दही, गार केलेला शिरा, साबुदाण्याची खीर चालेल. माळव्याच्या ताटातली शेव मात्र आठवडाभर बाजूला ठेवा; तिचे कण खळग्यात रुततात. मक्याचे पानिये आणि बाफलेही थोडे थांबू शकतात.

तंबाखू, मिसरी, बिडी, गुटखा पूर्ण बंद. दारू आणि ताडीही. बाग-कुक्षीकडे थंडी-उन्हाळ्यात ताडी सहज मिळते आणि तिला कोणी दारू मानत नाही, म्हणून स्पष्ट सांगते: मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या चालू असताना आणि त्या संपल्यावर दोन दिवस ताडी प्यायल्यास उलट्या, धडधड आणि चेहऱ्यावर लाली असा त्रास होऊ शकतो.

रक्त पुन्हा आले तर घाबरू नका. ताठ बसा, स्वच्छ कापडाची घट्ट घडी नेमकी खळग्यावर ठेवा आणि घड्याळ लावून अर्धा तास चावा. थांबले नाही तर आणखी एकदा. तरीही वाहत राहिले तर निघा.

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, सूज उतरत असताना, अचानक कानापर्यंत जाणारी ठणक लागली आणि तोंडाला घाण वास आला, तर गुठळी निसटून हाड उघडे पडलेले असते. डॉक्टर त्याला ड्राय सॉकेट म्हणतात. खालच्या दाढांना आणि धूम्रपान करणाऱ्यांना तो जास्त होतो. यावर मेडिकलमधून स्वतःच्या मनाने प्रतिजैविके आणू नका. खळगा धुऊन त्यात औषधी पट्टी ठेवली की त्याच दिवशी आराम पडतो, आणि हे काम कुक्षीचा दंतवैद्यही करू शकतो. मूळ डॉक्टरकडेच परत जायला हवे असे नाही.

दुखऱ्या हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी, चुना, तंबाखू किंवा लवंगेचे तेल दाबून ठेवू नका. हिरडी भाजते, आणि मग डॉक्टरला दोन जखमा सांभाळाव्या लागतात.

या लक्षणांना सकाळची वाट पाहू नका

साधी सूज गालावर असते. धोक्याची सूज खाली, जबड्याखाली आणि जिभेखाली उतरते. खालच्या दाढेचा पू गळ्याच्या मोकळ्या जागेत पसरला की काही तासांत श्वासाची वाट अडू शकते. याला लुडविग्ज अँजायना म्हणतात. प्रतिजैविके येण्याआधी याला झालेले बहुतेक रुग्ण दगावत. आजही उशीर झालेला माणूस वाचतोच असे नाही. म्हणून पुढीलपैकी एकही लक्षण दिसले तर रात्र असो की पाऊस, १०८ ला फोन करा आणि मोठ्या रुग्णालयाकडे निघा:

- हनुवटीखालचा भाग दोन्ही बाजूंनी सुजून लाकडासारखा कडक झाला आहे
- जीभ वर ढकलली गेली आहे, लाळ गिळता येत नाही, ती तोंडातून गळते
- आवाज बदलला आहे, तोंडात गरम बटाटा असल्यासारखे बोलणे होते
- आडवे झाल्यावर श्वास कोंडतो, बसून बरे वाटते
- डोळ्याभोवती सूज येऊन डोळा मिटला आहे, सोबत थंडी वाजून ताप आहे

रुग्णाला आडवे झोपवून नेऊ नका, बसवून न्या. वाटेत बागचे सामुदायिक आरोग्य केंद्र किंवा कुक्षीचे सरकारी रुग्णालय लागले तर शिरेतून औषध सुरू करून घ्या, पण "सकाळी बघू" यावर तिथे थांबू नका. याला गोळ्या पुरत नाहीत. पू बाहेर काढावा लागतो आणि दोषी दाढ काढावी लागते. "सुजेत दात काढत नाहीत" हा समज इथे जीवावर बेततो. सुजेत भूल नीट चढत नाही, हे खरे, पण कधी काढायचे हे डॉक्टरांनी ठरवायचे आहे. घरच्या मोठ्यांनी नव्हे.

अपघातात जबडा किंवा दात

मोटारसायकलवरून पडल्यावर दात पूर्वीसारखे एकमेकांवर बसत नसतील, तर जबडा मोडला आहे असे समजा. आधी डोक्याला मार लागला आहे का, ते पाहिले जाते. जबडा दोन-चार दिवस थांबू शकतो. आज बहुतेक ठिकाणी टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्या बसवतात. काहींचे वरचे-खालचे दात चार ते सहा आठवडे तारेने बांधून ठेवतात, तेव्हा पातळ अन्नावर राहावे लागते आणि उलटी झाल्यास तार कापायचे साधन घरात ठेवावे लागते. ते कसे वापरायचे हे शिकल्याशिवाय रुग्णालय सोडू नका.

मुलाचा कायमचा दात मुळासकट निघून पडला तर तो तोंडात दिसणाऱ्या भागाला धरून उचला, घासू नका, दुधात क्षणभर बुचकळून त्याच जागी बसवा आणि रुमाल चावायला द्या. ते जमले नाही तर दुधात ठेवून न्या. तासाच्या आत पोहोचलात तर दात वाचण्याची आशा असते, म्हणून इथे इंदूरचा विचार करू नका, सर्वांत जवळचा दंतवैद्य गाठा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

इम्प्लांटबद्दल थोडक्यात

त्यात घाई करण्यासारखे काहीच नाही. हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून, तीन ते सहा महिने हाड धरू देऊन, मग वर दात लावतात. ब्रिज आणि काढ-घालीची कवळी हेही पर्याय आहेत. "आजच ठरवलेत तर सवलत" असे ऐकलेत तर त्या दिवशी ठरवू नका.

दुभंगलेला ओठ किंवा टाळू असलेले बाळ

ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांत आणि टाळूची वर्ष-दीड वर्षाच्या आत करतात, म्हणजे बोलण्यावर कमी परिणाम होतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही व्यंगे समाविष्ट आहेत आणि उपचार मोफत होतात. आशा कार्यकर्तीला किंवा जिल्हा रुग्णालयात सांगा. ग्रहणाचा दोष म्हणून बाळाला घरात लपवू नका.

पैसे आणि हक्क

आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. साधा दात काढणे त्यात बसत नाही, पण जबड्याच्या फ्रॅक्चरसारख्या, भरती होऊन कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रिया बसू शकतात. सत्तरीपुढच्यांना २०२४ च्या ऑक्टोबर अखेरीपासून उत्पन्नाची अट नाही. मध्य प्रदेशात काढलेले कार्ड महाराष्ट्रातील संलग्न रुग्णालयातही चालते, म्हणून लेकीकडे पुण्याला किंवा भावाकडे नाशिकला जाऊन ऑपरेशन करायचे असेल तर १४५५५ वर रुग्णालयाचे नाव आधी विचारून घ्या. रस्ते अपघातात २०२५ च्या केंद्रीय योजनेनुसार नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे रोखरहित उपचार आहेत. खासगी मेडिक्लेममध्ये दातांचे काम बहुधा वगळलेले असते. अपघात झाला असेल तर पॉलिसी पुन्हा वाचा.

संमतिपत्र हिंदीत किंवा इंग्रजीत असते. आपल्यापैकी बहुतेकांना हिंदी येते, पण घरातल्या आजीला "नस को क्षति" म्हणजे ओठ बधिर होऊ शकतो, हे कळेलच असे नाही. तिच्या वतीने तुम्ही नुसती सही करू नका; तिला तिच्या भाषेत समजावून सांगा, मग सही तिची घ्या. धोके, पर्याय आणि खर्च समजून घेणे, दुसऱ्या डॉक्टरचे मत घेणे, एक्स-रेची प्रत आणि तपशीलवार बिल मागणे हे रुग्णाचे हक्क आहेत. जीव धोक्यात असेल तर आधी पैशांची मागणी करून उपचार नाकारता येत नाहीत; जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे. पैसे देऊन घेतलेल्या उपचारांत हयगय झाली तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. सल्ल्यासाठी १९१५ हा क्रमांक आहे. कागद जपून ठेवलेले नसतील तर यातले काहीच हाती लागत नाही, म्हणून प्रत्येक चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढा.

बायोप्सीला घाबरू नका

शेवटी ज्याला उशीर चालत नाही ते. मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०१२ पासून गुटख्यावर बंदी घातली; २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांखाली असे करणारे ते पहिले राज्य. पण पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत, असे मिश्रण आजही खिशाखिशात आहे. नुसत्या सुपारीनेही गालाची आतली कातडी पांढरी, ताठ होत जाते, तिखट झोंबते आणि तोंड उघडणे कमी होते. त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो.

दोन-तीन आठवड्यांत न भरलेले व्रण, पुसले न जाणारे पांढरे किंवा लाल चट्टे, यांचा छोटा तुकडा जागेवर भूल देऊन काढतात, एक-दोन टाके पडतात, तुकडा तपासायला जातो. काम पंधरा मिनिटांचे. "सुरी लागली की कॅन्सर पसरतो" या भीतीने लोक हेच टाळतात आणि सहा महिन्यांनी गाठ घेऊन येतात. बायोप्सीने तो पसरत नाही. वाट पाहण्याने पसरतो. रिपोर्ट न्यायला मात्र नक्की जा. दूरच्या गावचे कितीतरी रिपोर्ट दवाखान्याच्या कपाटातच राहतात.

तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

आज रात्री जेवण झाल्यावर घरातल्या प्रत्येक सुपारी-तंबाखू खाणाऱ्याला त्याची स्वतःची तीन बोटे उभी धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घालायला सांगा. ज्याची तीन बोटे जात नाहीत, त्याला या आठवड्यातच दंतवैद्याकडे घेऊन जा.